आधी वैरण बघा, मग जनावर



खाऱ्या पाण्याची टाकी कशी लावायची, मीठ किती घालायचं, फिल्टर कुठला बसवायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. मिळालेल्या या थोड्या मिनिटांत मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. टाकीतलं शेवाळ खाण्यासाठी आपण जे जीव आणतो, ते किती आणायचे आणि कुठले आणायचे?

नेहमी काय होतं बघा. टाकी लावून तीन-चार आठवडे होतात. काचेवर, वाळूवर तपकिरी थर चढतो. आपण घाबरतो आणि दुकान गाठतो. तिथं हिशेब तयार असतो, चार लिटरला एक शंख. दोन फुटी टाकीत पाणी असतं पन्नास लिटर, म्हणजे झाले बारा शंख. वर दोन हर्मिट खेकडे, ते रिकाम्या शंखात राहणारे. पंधरा दिवसांत काच लख्ख होते. घरात सगळे खूष. आणि पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत एकेक शंख वाळूवर उताणा पडायला लागतो. मग पाण्याला दोष, मिठाला दोष, कोल्हापूरच्या उन्हाळ्याला दोष. तो बिचारा उपाशी मेला, हे कुणाच्या मनातही येत नाही.

आपल्या जिल्ह्यात हे खरं तर कुणाला शिकवायला नको. गोठ्यात दहा म्हशी मावतात म्हणून कुणी दहा म्हशी बांधतं का? उसाचं वाडं किती मिळणार, मका किती, कडबा किती, हे बघून दावणीला दोन बांधायच्या की चार ते ठरतं. टाकीचे लिटर म्हणजे गोठ्याची जागा. काचेवरचं आणि दगडावरचं शेवाळ म्हणजे वैरण. आणि आपण मंडळी जागा मोजून जनावरं आणतो! वैरण मोजा हो, वैरण.

त्यातही नव्या टाकीतला तो पहिला तपकिरी थर म्हणजे गळीत हंगामातलं वाडं. कारखाने सुरू असतात तेव्हा वाडं मुबलक असतं. पण त्या वाड्यावर भरवसा ठेवून कुणी चार म्हशी वाढवल्या, तर हंगाम संपल्यावर त्यांच्यापुढं काय टाकणार? तो तपकिरी थर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो. पाण्यातल्या सिलिकावर ते वाढतं, आणि सिलिका संपली की बहुतेक वेळा आपोआप ओसरतं. त्याच्यासाठी बारा शंख आणायचे नसतात. दोन आणा. दोन आठवडे थांबा. काच हिरवी होतच राहिली तर आणखी एक आणा. घाई करू नका.

आता दोन कुठले, तर माझं मत स्पष्ट आहे. एक नेराईट आणि एक सेरिथ. नेराईट काच आणि दगड घासतो. सेरिथ लांबट, टोकदार. तो रात्री फिरतो आणि वाळूवरचंही खातो. ट्रोकसच्या लहान जातींपैकी एखादा मिळाला तर उत्तम, कारण उलटा पडला तरी तो स्वतःचा स्वतः सरळ होतो. टर्बो कामाला जबरदस्त, लांब केसाळ शेवाळही खातो, पण त्याची भूक मोठी आणि अंगही मोठं. लहान टाकीत नीट न बसवलेले दगड तो ढकलून पाडतो. दुकानात याच पिशवीत नसारियस घालून देतात. तो वाळूतून सोंड वर काढतो, मुलांना फार आवडतो. पण तो शेवाळ खात नाही, उरलंसुरलं मांसाहारी अन्न खातो. त्याला शेवाळाच्या हिशेबात धरू नका.

नेराईट खातो कसा, ते एकदा रात्री टॉर्च घेऊन काचेच्या बाहेरून बघा. तोंड उघडतं, मिटतं, उघडतं. जिभेवर बारीक दातांच्या रांगा असतात, त्यांनी तो काच खरवडतो आणि मागे नागमोडी स्वच्छ पट्टा राहतो. त्या पट्ट्यांवरून वैरण कळते. सकाळी काचेवर ताजे पट्टे दिसले तर त्याला खायला मिळतंय. काच सगळी सारखीच लख्ख असेल आणि शंख एका कोपऱ्यात हालचाल न करता बसला असेल, तर तो उपाशी आहे. अशा वेळी विकतची वैरण घाला. सुशीसाठी मिळणारी नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, मीठ-मसाला नसलेलं. दोन बोटांएवढा तुकडा दगडाला रबरबँडनं बांधा, दुसऱ्या दिवशी उरलेला काढा. आणि मागची काच कधी घासू नका. तेवढं कुरण राखून ठेवा.

अजून एक. जनावर वैरण खातं तसं शेणही टाकतं. शंखानं शेवाळ खाल्लं म्हणजे ते टाकीतून गेलं असं नाही. त्यातला बराचसा नायट्रेट-फॉस्फेट विष्ठेतून परत पाण्यात येतो आणि त्यावर पुन्हा शेवाळ उगवतं. शंख मेला तर विचारूच नका, अमोनिया वाढतो. गोठा झाडावा लागतो, तसं पाणी बदलावं लागतं. आपल्या रंकाळ्यात सांडपाणी शिरलं आणि निळं-हिरवं शेवाळ माजलं, त्याचं कारण हेच, खत. टाकीतही माशांना चिमूटभर जास्त अन्न घालणं म्हणजे खत घालणं. लालसर, बुळबुळीत चादरीसारखं जे येतं, ते मुळात जिवाणूंचं असतं, शंख त्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्याच्यासाठी शंख वाढवणाऱ्यांना काय म्हणावं!

कोकणाबद्दल बोलायलाच हवं. आपण घाटावर. म्हणून सुट्टीत आंबा घाट उतरायचा, रत्नागिरीच्या खडकांवरून बाटलीभर शंख गोळा करायचे आणि आणून टाकीत सोडायचे, हा प्रकार चालतो. तो करू नका. खडकावरचे ते शंख भरती-ओहोटीत वाढलेले असतात, पाण्याबाहेर चढणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. सकाळी ते जमिनीवर सापडतात. त्यांच्यात दुसऱ्या शंखांना खाणारे शिकारी शंखही मिसळून येतात. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून काही उचलायचंच नाही. प्रवाळ, समुद्रकाकडी, आणि ट्रोकसची ती मोठी, लाल पट्ट्यांची जात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत. कुणी देऊ केलं तरी घेऊ नका. दगडही प्रवाळाचा नको, कृत्रिम सिरॅमिकचा चालतो.

स्टुडिओच्या समोरच्या काचेतून हात दिसतोय, दोन मिनिटं राहिलीत. तर भराभर सांगतो.

समुद्री ससा आणू नका. केसाळ शेवाळाचा तो फडशा पाडतो, म्हणून लोक भुलतात. पण पन्नास लिटरमधलं शेवाळ त्याला पुरत नाही, मग तो मरतो, आणि डिवचला गेला तर जांभळी शाई सोडतो. टँग जातीचे मासे आणू नका, त्यांना पोहायला लांबच लांब टाकी लागते. पुन्हा तेच सांगतो, कारण कुणी मधूनच रेडिओ लावला असेल. लिटर मोजू नका, शेवाळ मोजा. काचेवर वैरण असेल तेवढीच जनावरं.

नवा शंख आणला की पिशवीतून थेट टाकीत टाकू नका. खारटपणात फरक असेल तर तो सोसत नाही. बारीक नळीनं टाकीचं पाणी थेंब थेंब त्याच्या भांड्यात सोडा, तासभर तरी. उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी झपाट्यानं उडतं, पण मीठ उडत नाही. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, आरओच्या. हर्मिट खेकडा ठेवलात तर त्याच्या अंगापेक्षा थोडे मोठे रिकामे शंख टाकीत ठेवा. नाहीतर घरासाठी तो तुमच्या जिवंत शंखाला मारतो.

आणि माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचं तांब्याचं औषध. ते शंखांना, खेकड्यांना विष आहे. मासा वेगळ्या भांड्यात काढून तिथंच द्या, टाकीत एक थेंबही नको. समुद्री साळूबद्दल सांगायचं राहिलंच. लहान टाकीत त्यालाही वैरण पुरत नाही, एवढं धरून चाला.