खातं कुणाच्या नावावर?

(शहापूर-मुरबाड परिसरातील छोट्या व्यावसायिकांच्या तानसा येथील संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतले किराणा दुकानदार, भातगिरणीवाले, भेंडी-काकडी लावणारे शेतकरी, टेम्पोवाले, शेतघरं भाड्याने देणारे, बचत गटाच्या ताई आणि जंगलातला माल गोळा करणारे कातकरी-ठाकूर तरुण आज एका मांडवात बसले आहेत. विषय आहे धंद्यासाठी संगणक आणि इंटरनेटची प्राथमिक ओळख. या भागात संगणक शिकवण्यातच माझं आयुष्य गेलं, म्हणून हे अध्यक्षपद मी आनंदाने स्वीकारलं.

आपल्याकडे संगणक घरोघरी पोचवण्याचं मोठं श्रेय एमएस-सीआयटीला आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ 2001 साली स्थापन झालं आणि त्याच्या या अभ्यासक्रमाने, तोही मराठीतून, खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींच्या हातात माउस दिला. इंग्रजीच्या धाकाने संगणकाला हात न लावणाऱ्या किती मुली त्या वर्गांत मोकळ्या झाल्या, ते मी पाहिलं आहे. पण सरकारी नोकरीला प्रमाणपत्र लागतं म्हणून बहुतेकांनी तो केला. परीक्षा झाली, कागद फाइलीत गेला. दुकानदाराची गरज वेगळी आहे. त्याला अक्षर ठळक करता आलं नाही तरी काही बिघडत नाही. दुकानाचं नाव, गिऱ्हाइकांची यादी, पैशांचा हिशेब या वस्तू इंटरनेटवर नेमक्या कुठे ठेवल्या आहेत आणि त्या उघडण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे मात्र त्याला कळलंच पाहिजे. माझ्या मते प्राथमिक शिक्षण ते हेच. बाकीचं हाताला सवयीने येतं.

आपण तानसाच्या काठावर बसलो आहोत, म्हणून एक दाखला देतो. हे धरण 1892 साली मुंबईला पाणी देण्यासाठी बांधलं. पुढे मोडक सागर झाला, भातसा झालं, मध्य वैतरणा झालं. एवढं पाणी ज्या भागात साठतं, त्याच भागातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. पाणी दारात असणं आणि पाण्याचा हक्क हातात असणं यातलं अंतर तुम्हाला मी शिकवायला नको. इंटरनेटवरच्या तुमच्या धंद्याचंही तेच आहे. फोटो तुमचा, माल तुमचा, गिऱ्हाईक तुमचं. पण खातं दुसऱ्याच्या ईमेलवर असेल तर त्याची चावी दुसऱ्याकडे राहते.

इथून जवळच एका गृहस्थांनी शेतघर भाड्याने द्यायला सुरुवात केली. नकाशावर जागा दिसावी, लोकांनी अभिप्राय लिहावेत, म्हणून ओळखीच्या मुलाकडून सगळं करून घेतलं. मुलाने कामही चांगलं केलं, पण स्वतःच्या ईमेलवरून आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवरून. पुढे त्याला बाहेरगावी नोकरी लागली, नंबर बदलला. शेतघराचा फोन नंबर बदलायची वेळ आली तेव्हा मालकाला आपल्याच जागेच्या नोंदीत एक आकडाही बदलता येईना. पूर्ण हंगामभर गिऱ्हाइकं बंद पडलेल्या नंबरवर फोन करत राहिली. यात त्या मुलाची लबाडी नव्हती. मालकी म्हणजे काय, हेच दोघांना ठाऊक नव्हतं.

म्हणून वर्गात मी पहिला धडा ईमेलचा देतो. धंद्याचा ईमेल वेगळा हवा, तो मालकाने स्वतः उघडलेला हवा, आणि पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवण्यासाठी जो नंबर द्यायचा तो घरातलाच हवा. नकाशावरची नोंद, फेसबुक पान, वेबसाइटचं नाव, सगळं याच ईमेलला बांधलेलं असतं. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, आपण कायमचं विकत घेत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी आपल्या नावावर नोंदवलं जातं आणि मुदत संपण्याआधी पैसे भरून पुढे चालवावं लागतं. ते करून देणाऱ्याच्या नावावर नोंदलं असेल तर वर्षानुवर्षांची ओळख त्याच्या मर्जीवर राहते. करून देणाऱ्याला कामाचे पैसे जरूर द्या, मालकी देऊ नका.

दुसरा धडा पत्ता वाचण्याचा. लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे. ती पूर्णपणे मोफत आहे आणि आधार क्रमांकावर घरबसल्या होते. तरीही तिचे पैसे मोजलेली माणसं आपल्या दोन्ही तालुक्यांत आहेत, कारण सरकारी दिसणारी खासगी पानं शुल्क घेऊन हेच काम करून देतात. पान कसं दिसतं यावर जाऊ नका. राजमुद्रेतले सिंह कुणीही छापतो. वरच्या पट्टीतला पत्ता पाहा. ‘https://’ नंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधीचे शब्द खरी मालकी सांगतात. तिथे शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ असेल तर पान सरकारचं. हेच शब्द पत्त्याच्या सुरुवातीला किंवा मध्येच घुसवलेले असतील तर त्यांना काही अर्थ नाही. कुलपाच्या खुणेवरही भिस्त ठेवू नका. ती खूण एवढंच सांगते की मधल्या वाटेत तुमचा मजकूर कुणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे, असं ती सांगत नाही.

आता पैशांकडे येतो आणि मुरबाड तालुक्यातल्या धसईची आठवण करून देतो. नोटाबंदीनंतर, 1 डिसेंबर 2016 रोजी, राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत धसई हे राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदा आणि सावरकर प्रतिष्ठान यांनी पुढाकार घेतला, व्यापाऱ्यांना कार्ड घासायची यंत्रं मिळाली, वर्तमानपत्रांनी फोटो छापले. नोटा परत बाजारात आल्यावर रोख व्यवहारही परत आले. काहींनी धसईला नावं ठेवली. मी ठेवणार नाही. आजूबाजूच्या खेड्यांची बाजारपेठ असलेल्या त्या गावाने इतरांच्या आधी पाऊल टाकलं, हे धाडसच होतं. फक्त यंत्र आधी आलं आणि समज मागून यायची राहिली. त्याच महिन्याच्या 30 तारखेला भीम ॲप आलं आणि पुढच्या काही वर्षांत कार्डाच्या यंत्राची जागा भिंतीवर चिकटवलेल्या चौकोनी कोडने घेतली. हा कोड 1994 साली जपानमध्ये मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी तयार झाला होता. आज तो आपल्या बाजारात भाजीच्या टोपलीवर दिसतो.

या व्यवहाराचं एक तत्त्व घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीही लागत नाही. ‘तुमचे पैसे पाठवतोय, पिन टाका’ असं कुणी म्हणालं, की तो तुमच्या खात्यातून काढायला बसला आहे. गिऱ्हाइकाने त्याच्या मोबाइलवर दाखवलेलं हिरवं चित्र म्हणजे पैसे मिळाल्याची पावती नव्हे. आपल्या खात्यात जमा दिसलं तरच माल सोडा. फसवणूक झालीच तर लाजून बसू नका, 1930 या नंबरवर ताबडतोब फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी अडवता येतात, पण त्यासाठी तुमचा फोन लवकर जावा लागतो.

आता हिशेबावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे. व्यवसायात छोटा संगणक खऱ्या अर्थाने शिरला तो हिशेबाच्या तक्त्यामुळे. डॅन ब्रिकलिन हा हार्वर्डमध्ये व्यवसायशास्त्र शिकणारा विद्यार्थी. फळ्यावर मांडलेल्या तक्त्यातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात, हे त्याने पाहिलं. त्यातून 1979 साली त्याने आणि बॉब फ्रँकस्टनने व्हिजिकॅल्क तयार केलं. आजचं एक्सेल त्याच वंशातलं. कीर्दीत एकदा नोंद केली की खतावणी आपोआप तयार, असं ते साधन आहे. तुमच्या मोबाइलवर ते फुकट मिळतं. तारीख, नाव, तपशील, जमा, नावे आणि बाकी एवढ्या रकान्यांत किराणा दुकानाची उधारी बसते. आकडा लिहायच्या रकान्यात ‘रु.’ किंवा ‘किलो’ लिहू नका, नाहीतर बेरीज होत नाही. एका माणसाचं नाव प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने लिहा, नाहीतर यंत्राला ती दोन माणसं वाटतात. एवढी शिस्त पाळली तर बाकीचं काम यंत्र करतं.

पण हिशेब कुणाचा, कुणाच्या हातात, हा प्रश्न या मातीत फार जुना आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्या राबणारे लग्नगडी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात होते. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये त्यांची हकीगत लिहून ठेवली आहे. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवून जमिनी गेल्या. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 साली झाला, तरीही आजसुद्धा कातकरी कुटुंबं पावसाळ्यात उचल घेतात आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. आठवड्याची खर्ची मिळते, विटांची मोजणी होते आणि हंगामाच्या शेवटी मालक वही उघडून सांगतो की अजून इतकी उचल फिटायची आहे. वही एकच, आणि ती मालकाकडे.

या मांडवात वीटभट्टीचे मालकही बसले आहेत आणि मी त्यांच्यासमोरच बोलतो आहे. तुम्ही हिशेब संगणकावर न्याल, न्यायलाच हवा. पण त्या तक्त्याची एक प्रत मजुराच्या कुटुंबातल्या शाळेत गेलेल्या मुलीच्या मोबाइलवर जाऊ द्या. ऑनलाइन तक्ता दोघांना एकाच वेळी दिसू शकतो. एकाने लिहावं, दुसऱ्याने फक्त पाहावं, अशी सोय त्यात असते. कधी काय बदललं याचा मागही त्यात राहतो. उचल किती, खर्ची किती, विटा किती, हे आठवड्याच्या आठवड्याला दोन्ही बाजूंना दिसलं तर हंगामाच्या शेवटी भांडणाला जागाच उरत नाही. संगणक शिकून मालकाचा हिशेब नीट झाला आणि मजुराचा तसाच अंधारात राहिला, तर आपण फक्त जुनी वही नव्या यंत्रात टाकली असं होईल. ते मला मान्य नाही.

आणि संधी मिळाली तर याच कुटुंबांतली मुलं काय करतात, त्याचा दाखला शहापुरातच आहे. एका कातकरी तरुणाने दहा-बारा मित्रांना घेऊन गुळवेल विकायला सुरुवात केली. आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या वन धन केंद्रामार्फत तो माल डाबर, बैद्यनाथ, हिमालय अशा कंपन्यांपर्यंत गेला. कोरोनाच्या काळात त्यांना 350 टन गुळवेलीची, एक कोटी 57 लाख रुपयांची मागणी मिळाली. एवढी मागणी तोंडी चालत नाही. दर लिहून कळवावा लागतो, नमुना, वजन, ओलावा यांच्या नोंदी लागतात, ईमेलला उत्तर द्यावं लागतं, बिल करावं लागतं. भेंडीचंही तसंच. ती युरोपात निर्यात करायची तर अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या व्हेजनेट या ऑनलाइन नोंदवहीत शेताची नोंद हवी, म्हणजे परदेशातल्या पेटीवरून थेट तुमच्या शेतापर्यंत माग काढता येतो. भात आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर घालायचं तरी ऑनलाइन नोंदणी आहे. हे आता टाळता येणार नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की ही नोंद तुम्ही करणार की दुसरा कुणी तुमच्या नावाने करणार.

भाषेविषयी थोडं. पूर्वी वेगवेगळ्या कंपन्यांचे मराठी फॉन्ट होते. एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर नेला की अक्षरांचा चुरा व्हायचा. युनिकोडने ती अडचण संपवली. आता मोबाइलवर बोटाने किंवा बोलून लिहिलेलं मराठी जगात कुठेही तसंच दिसतं आणि शोधताही येतं. तरी आपले दुकानदार रंगीत चित्रावर दर छापून पाठवतात. चित्रातलं मराठी शोधणाऱ्याच्या हाती लागेलच असं नाही. ‘नवा कोलम तांदूळ, किन्हवली’ हे शब्द अक्षरांत लिहा, मग ठाण्यातल्या, डोंबिवलीतल्या गिऱ्हाइकाला तुम्ही सापडाल. वाक्य मराठीत लिहिल्याने धंद्याची प्रतिष्ठा कमी होत नाही.

आता माझी तुम्हाला विनंती. आज घरी गेल्यावर मोबाइल हातात घ्या आणि पाहा: तुमच्या धंद्याचं खातं कुणाच्या ईमेलवर आहे, परत मिळवायचा नंबर कुणाचा आहे, उधारीच्या नोंदीची दुसरी प्रत कुठे आहे. ते दुसऱ्याच्या नावावर असेल तर याच आठवड्यात त्याला भेटून आपल्या नावावर करून घ्या. ज्यांना हे येतं, त्यांनी आपल्या गावच्या वाचनालयात, शाळेत किंवा समाजमंदिरात आठवड्यातली एक संध्याकाळ यासाठी द्यावी. पुढच्या रांगेत बाया बसतील आणि वीटभट्टीवरून परतलेली कुटुंबं बसतील, असं बघा. जिथे शिकवायला माणूस मिळणार नाही, तिथे मला बोलवा. मी येईन.