शाळेच्या वेळेत फोन करतं कोण?
(मंडळाच्या गणेशोत्सवात पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून सरकारी खात्यात उपयंत्री झालो, रस्त्या-पुलांची मोजमापं लिहिण्यात अर्धं आयुष्य गेलं. तरी हा विषय आमच्याकडे आला, कारण गेल्या वर्षी आमच्या घरी जे घडलं ते कार्यकारिणीला ठाऊक होतं.

मुलगी नववीत. शाळा साडेदहा ते साडेचार, पुढे कोचिंग. हिवाळ्यात बालाघाटला साडेपाचलाच दिवस मावळतो, म्हणून सायकलीच्या जोडीला फोनही आम्हीच घेऊन दिला. फोन आणू नका, असं शाळेने सांगितलं होतं. आम्ही म्हटलं, दप्तराच्या तळाशी राहील, कोणाला दिसतोय! एक दिवस गणिताच्या तासाला तो वाजला. बाईंनी काढून घेतला आणि आम्हाला बोलावलं. आम्ही तावातावाने गेलो. बाईंनी वाद घातला नाही. मुलीला फोन उघडायला लावून कॉलची यादी समोर धरली. त्या आठवड्यात शाळेच्या वेळेत अकरा कॉल. सात आईचे, चार आमचे. ‘डबा खाल्लास का’, ‘कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस’, ‘नागपूरचे मामा आलेत’. मैत्रिणीचा एकही नव्हता. आम्ही माफी मागून परतलो.

युनेस्कोच्या 2023 च्या अहवालात म्हटलं आहे की, एकदा फोनकडे लक्ष गेलं की विद्यार्थ्याचं मन अभ्यासावर परत यायला वीस मिनिटांपर्यंत लागू शकतात. म्हणजे आमच्या अर्ध्या मिनिटाच्या डब्याच्या चौकशीत अर्धा तास बुडाला.

मुलांना फोनची सवय लागली, असं आपण म्हणतो. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा आपल्या राज्यात ‘डिजीलेप’चे धडे व्हॉट्सॲपवर येत होते, आणि फोन आपणच मुलांच्या हाती दिला होता. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. पण शाळा उघडल्यावर तो परत घ्यायचं राहूनच गेलं. (हे बोलत असताना मागच्या रांगेत दोन फोन वाजले, ते चालू द्या.)

2022 मध्ये महाराष्ट्रातल्या दोन गावांनी यावर उपाय काढले. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदी केली. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव इथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत घराघरातले टीव्ही, मोबाईल बंद. त्यात थोरांचेही आले. आम्हाला वडगावची रीत जास्त पटते. बापाच्या हातात फोन असताना लेकराला ‘ठेव तो’ म्हणणं सोपं नाही.

फ्रान्सने 2018 मध्येच शाळांसाठी कायदा केला. दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये सरसकट बंदी नाकारली, पण शक्य तिथे शाळेत फोन जमा करून घ्यावेत असं सांगितलं. आम्हाला हाच मार्ग जमण्यासारखा वाटतो, कारण अंधारातून सायकलीवर येणाऱ्या मुलीची काळजी खोटी नाही. आता तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. सकाळी शाळेच्या ऑफिसात जमा होतो, साडेचारला परत मिळतो. गुरुजनांच्या हातात मात्र फोन राहणारच, त्यांची हजेरीच आता ॲपवर लागते. त्यावर मुलांनी बोट दाखवलं तर त्यांना नीट समजावून सांगावं लागेल.

मंडळातल्या घरांना आमची एवढीच विनंती आहे. शाळेच्या ऑफिसचा नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. खरंच निकड असेल तर तिथे निरोप द्या, आपल्या वेळी चपराशी वर्गावर चिठ्ठी आणायचा तसा तो पोचतो. वर्षभरात आम्हाला असा निरोप एकदाच द्यावा लागला, आजी पडल्या तेव्हा. दहा मिनिटांत मुलगी फाटकाशी उभी होती.

आमच्या घरी दुपारी दीड वाजता फोनकडे हात अजून जातो. हल्ली डबा खाल्ला का, हे आम्हाला विचारलं जातं.