शेतकरी भगिनी आणि बँकेचा उंबरठा

(भोकर येथील शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या भागात कापूस, सोयाबीन आणि तूर ही खरिपाची मुख्य पिके. त्यांची निंदणी, खुरपणी आणि वेचणी बहुतांशी बायकाच करतात. परंतु पीककर्जाच्या अर्जावर सही कोणाची असते? बँक घाम पाहत नाही, सात-बारा पाहते. त्यावर नाव नसलेल्या बाईला बँकेच्या लेखी शेतकरी म्हणून स्थान नाही.

याचा पिकाशी काय संबंध, असे आपण विचाराल. सोयाबीनची पेरणी 75 ते 100 मि.मी. पाऊस झाल्यावर करावी, अशी आमची शिफारस आहे. पाऊस झाला तरी हातात पैसा नसेल तर वापसा निघून जातो. घरधनी आजारी असेल किंवा दगावला असेल, तर बी-खतासाठी ती बाई सावकाराकडे जाते. समजा, तिने 25,000 रुपये दरमहा शेकडा 3 दराने 8 महिन्यांसाठी घेतले. व्याज 6,000 रुपये झाले. बँकेचे पीककर्ज 7 टक्के वार्षिक दराचे असेल, तर तेवढ्याच मुदतीचे व्याज सुमारे 1,167 रुपये होते. कागदावर नाव नसण्याची किंमत अशी 4,800 रुपयांच्या वर जाते.

'बायकांना व्यवहार कळत नाही' असे सर्रास म्हटले जाते. त्याला सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या बायकांनी उत्तर दिले आहे. माण हा दुष्काळी तालुका. तेथे लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजची थोडी शिल्लक बँकेत ठेवायची होती. रक्कम फारच लहान म्हणून बँका तिचे खाते उघडेनात. तेव्हा श्रीमती चेतना सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचे ठरवले. परंतु अर्जावर अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका खचल्या नाहीत. त्यांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. "कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनी यंत्रावर करावे," असे आव्हान त्यांनी दिले. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हिशेब त्यांना आधीपासूनच येत होता, अडले होते ते कागदावर.

तो कागद आपल्या हाती आहे. शेतकरी संघटनेचे श्री. शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली. त्यात पुष्कळ शेतकऱ्यांनी स्वखुशीने पत्नीच्या नावे जमीन केली. 1994 साली महाराष्ट्राने आणि 2005 साली केंद्राने कायदा दुरुस्त करून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला.

'नाव लावले की जमिनीचे तुकडे पडतील,' ही भीती पुष्कळांना वाटते. मुळातच जमीन थोडी, त्यामुळे ही भीती मी खोटी म्हणणार नाही. परंतु सामाईक नाव लागणे वेगळे आणि प्रत्यक्ष वाटप होणे वेगळे. नाव लागले म्हणून बांध पडत नाही.

आता करावयाची कामे सांगतो.

1) सात-बारा काढून नीट वाचा. बाईचे नाव खातेदार म्हणून आहे की 'इतर हक्क' या रकान्यात, हे पाहा. कर्जाच्या वेळी हा फरक आडवा येतो.

2) घरधनी वारल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्या. पत्नी, आई, मुलगे आणि मुली अशा सर्वांची नावे द्या.

3) बाईचे खाते तिच्या एकटीच्या नावे उघडा. दूध, कोंबड्या आणि मजुरीचा पैसा त्यात जमा करा.

4) बचत गटाची वही चोख ठेवा. बँक गटाला कर्ज देताना तीच वही पाहते.

5) कर्ज मुदतीत फेडा. 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जावर केंद्राची 3 टक्के सूट मिळून व्याज 4 टक्क्यांवर येते.

बंधूंनो, बियाणे निवडताना आपण घरातील बाईला विचारता, कारण दाणा तिला कळतो. मग जमिनीच्या कागदावरच ती का नसावी? येत्या पेरणीपूर्वी एकदा दोघे मिळून तलाठी कार्यालयात जा आणि परतताना बँकेत जा. अर्ज तिला स्वतः भरू द्या आणि खिडकीपुढे तिलाच उभी राहू द्या.