मांडवात मोत्यालाही जागा
(कम्युनिटी रेडिओवरून महिला बचत गटांसाठी झालेलं भाषण)

 

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्याबरोबर कुणाच्या लेकीचं जमलं, मांडव कधी, रुखवतात काय ठेवायचं हेही बोलणं निघतं. आजचा विषय त्यातलाच आहे, पण सहसा बोलला जात नाही. आपल्या घरचा कुत्रा लग्नाच्या दिवशी कुठे असावा? हसू नका. हल्ली मोबाईलवर व्हिडिओ येतात. पुण्या-मुंबईकडे नवरीच्या गाडीतून कुत्रा उतरतो, त्याच्या गळ्यात हार, अंगात शेरवानी. ते बघून आपल्या पोरीही म्हणतात, आई, माझ्या लग्नात मोत्याचाही फोटो पाहिजे.

घरातल्या मोठ्यांना वाटतं, हे काय नवीन खूळ! पण कुत्र्याला मान देणं आपल्याला नवीन नाही. आपल्याच हिंगोली तालुक्यातलं नर्सी घ्या. संत नामदेव महाराजांचं हे जन्मगाव मानतात, जन्म सन १२७०. नामदेवांच्या ताटातली भाकरी कुत्र्याने पळवली, तर ते काठी घेऊन धावले नाहीत. देवा, कोरडी खाऊ नको, म्हणत तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. ही गोष्ट आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितली, आपण लेकरांना सांगतो.

ज्यांच्या घरचं कुलदैवत खंडोबा आहे, त्यांना तर वेगळं सांगायला नको. खंडोबाच्या चित्रात घोड्याच्या पायाशी कुत्रा असतोच. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य होतो, तेव्हा त्यातला घास कुत्र्याला घालतात. लग्नानंतर जागरण-गोंधळ घालतात, वाघ्या-मुरळी येतात. तो वाघ्या म्हणजे देवाचा कुत्रा. पूर्वीचे वाघ्ये कुत्र्यासारखं भुंकून कोटंब्यातलं अन्न खायचे. म्हणजे नव्या जोडप्याच्या पहिल्या मोठ्या कार्यात कुत्र्याचा मान आधीपासूनच आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथे घोडे, गाढवं, उंटांबरोबर कुत्रीही येतात. साताऱ्याजवळ संगम माहुलीला तर शाहू छत्रपतींच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला, असं सांगतात.

तेव्हा लेकीने मोत्याचं नाव काढलं तर तिला वेड्यात काढू नका. ज्या पोरीने त्याला पिल्लू असताना दूध पाजलं, जी शाळेतून आली की तो फाटकापर्यंत पळत जायचा, ती आता घर सोडून निघाली आहे. मैत्रिणींचा, भावंडांचा निरोप ती घेते. त्याचाही तिला घ्यायचा असतो.

पण कुत्र्याचा मान करायचा म्हणजे त्याला डीजेपुढे उभं करायचं, असं नाही. इथेच खरी गोष्ट आहे, म्हणून आता नीट ऐका.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी एका लग्नाला गेले होते. नवरीचा कुत्रा मांडवाच्या खांबाला बांधला होता. गळ्यात झेंडूचा हार, अंगावर चमकीचं जाकीट. ऊन रणरणतं, समोर पाणी नाही. वरात दारात आली, डीजे वाजायला लागला, फटाक्यांची माळ लावली. कुत्रा थरथरत खांबाला फेऱ्या मारत होता, सगळी दोरी गुंडाळली गेली. सात-आठ वर्षांचं एक लेकरू नाचता नाचता त्याच्या शेपटीवर पडलं आणि कुत्र्याने त्याची पोटरी धरली. क्षणात गोंधळ उडाला. एक बाई तिखट आणायला धावली, एक म्हणाली चुना लावा. चार-पाच गडी काठ्या घेऊन कुत्र्याकडे गेले. नवरी अंगावरच्या हळदीसह मध्ये उभी राहिली, रडत म्हणत होती, त्याला मारू नका हो.

आम्ही दोघी-तिघींनी लेकराला नळाखाली धरलं, साबण लावून जखम धूत राहिलो, मग त्याला दवाखान्यात पाठवलं. त्याची सगळी इंजेक्शनं पूर्ण झाली, पोरगं ठणठणीत आहे. कुत्र्याला कुणी मारलं नाही. त्याला गोठ्यात बांधून दहा दिवस बघितलं, तोही चांगला राहिला. पण सांगा, चूक कुत्र्याची होती का? पळायला जागा नाही, कान फुटतील असा आवाज, अंगावर कुणीतरी पडलेलं. त्याने त्याच्याजवळ होतं तेवढंच केलं.

म्हणून लग्न ठरलं, की यादीत एक ओळ कुत्र्याचीही लिहा. काय लिहायचं, ते सांगते.

पहिलं, लस. रेबीजची लस कुत्र्याला वयाच्या तिसऱ्या महिन्यात देतात, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. लस टोचली की लगेच त्याच दिवशी ताकद येत नाही, साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून हळदीच्या आदल्या दिवशी धावपळ करू नका. साखरपुडा झाला की त्याच आठवड्यात कुत्र्याला जनावरांच्या दवाखान्यात न्या आणि कार्ड घरातल्या कागदांत जपून ठेवा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा फुकटचा नंबर आहे, तोही लिहून ठेवा.

दुसरं, माणूस. लग्नघरात प्रत्येकाला काम असतं, पण कुत्र्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. एक भाचा, पुतण्या किंवा शेजारचं मोठं पोरगं असं नेमा, की कुत्रा त्याला ओळखतो आणि ऐकतो. नवरी नको, नवरीची आईही नको, त्या दोघींना त्या दिवशी श्वास घ्यायला वेळ नसतो. नेमलेल्याचं काम एकच, कुत्र्याला पाणी, सावली आणि फिरवून आणणं.

तिसरं, वेळ. कुत्र्याचा मान शांत वेळी करा. हळदीच्या दिवशी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, नवरीने त्याला अंगणात ओवाळावं, गळ्यात सुती धाग्यातला साधा हार घालावा, फोटो काढावा आणि हार लगेच काढून ठेवावा, नाहीतर तो फुलं आणि दोरा खाऊन टाकतो. हळद-कुंकू त्याच्या नाका-डोळ्यांजवळ लावू नका. रंगाचे फवारे तर अजिबात नको. चमकीचं जाकीट आपल्याकडच्या उन्हात त्याला शिक्षा आहे. आपल्याला सगळ्या अंगाला घाम येतो, कुत्र्याला जवळजवळ पंजांनाच येतो. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तेव्हा अंगातली उष्णता बाहेर टाकत असतो. त्यात वरून जाकीट चढवलं तर त्याला उष्माघात होऊ शकतो. मे महिन्यात दुपारच्या डांबरी रस्त्यावर अनवाणी हात टेकवून बघा, म्हणजे त्याच्या पायाचं काय होतं ते कळेल.

वरात यायची वेळ झाली, की त्याला मांडवापासून लांब, मळ्यातल्या आखाड्यावर किंवा शेजारच्या घरी ओळखीच्या माणसाजवळ ठेवा. अक्षता, मंगलाष्टकांचा भोंगा, फटाके, बँड, हे सगळं त्याच्यासाठी नाही. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा फार तिखट. आपल्याला डीजेने छातीत धडधडतं, मग त्याचं काय होत असेल! फटाक्याला घाबरून दोरी तोडून पळालेला कुत्रा कधी कधी गावालाच सापडत नाही. पाहुण्यांचाही विचार करा. कुणाला लहानपणी कुत्रा चावलेला असतो, कुणाच्या घरी सोवळं असतं, कुणाच्या धर्मात कुत्रा अंगाला लागलेला चालत नाही. आपल्या मांडवात आलेल्या माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये.

चौथं, खाणं. लाडाने आपण त्याला पंगतीतलं सगळं घालतो. चॉकलेट, मनुका, कांदा, लसूण कुत्र्याला चालत नाहीत. बुंदीच्या लाडवात, शिऱ्यात मनुका असतात, रश्शात कांदा-लसूण असतं, हे आपल्या लक्षात राहत नाही. मटणाची शिजलेली हाडं घशात, आतड्यात तुकड्यांनी टोचतात. त्या दिवशीही त्याला त्याची नेहमीची भाकरी द्या. गोडाचा एक छोटा घास नवरीच्या हाताने मिळाला, की त्याचं जेवण झालं.

हा झाला घरचा कुत्रा. गावातल्या कुत्र्यांचं काय? आपण पंगत उठली की उष्ट्या पत्रावळी मांडवामागे टाकतो. रात्रभर तिथे पाच-पंचवीस कुत्री जमतात, एकमेकांशी भांडतात, आणि सकाळी त्याच रस्त्याने लेकरं शाळेत जातात. उष्टं झाकणाच्या ड्रममध्ये भरा, दुसऱ्या दिवशी खड्ड्यात घालून माती टाका. प्लास्टिकच्या वाट्या वेगळ्या करा, त्या जनावरांच्या पोटात जातात. हे काम आचाऱ्याला आधीच सांगून ठेवा, मागाहून कुणी ऐकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुत्रा चावला, ओरखडलं, किंवा आधीच्या जखमेवर चाटलं, तर काय करायचं? कागद-पेन असेल तर लिहून घ्या.

जखम वाहत्या पाण्याखाली धरा आणि साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावा, कारण अशा वेळी दोन मिनिटंही पंधरा वाटतात. त्यावर तिखट, चुना, हळद, तेल, तंबाखू, काहीही लावू नका. पट्टी घट्ट बांधू नका. लगेच सरकारी दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. रेबीजची लस तिथे फुकट मिळते. चौदा इंजेक्शनं पोटात टोचतात ही जुनी भीती आहे, आता तसं होत नाही. कातडीत देतात ती लस पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. डॉक्टर कार्डावर तारखा लिहून देतात. रक्त आलं असेल, तर जखमेभोवती आणखी एक वेगळं औषध टोचावं लागतं, ते सगळ्या दवाखान्यांत नसतं, म्हणून जिथे पाठवतील तिथे जा. कुत्रा घरचा आहे, लस झालेली आहे, म्हणून घरी बसू नका, डॉक्टरांना ठरवू द्या. चावलेल्या कुत्र्याला मारू नका, बांधून दहा दिवस बघा. तो मेला किंवा नाहीसा झाला, तर दवाखान्यात लगेच सांगा.

याची भीती का घालते? कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली, की जवळजवळ कुणीच वाचत नाही. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं याने मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत १५ वर्षांखालची लेकरं फार. बहुतेक वेळी रोग कुत्र्याच्या चावण्यानेच आलेला असतो. आणि चांगली बातमी अशी, की वेळेवर जखम धुतली आणि सगळी इंजेक्शनं घेतली, तर हा आजार अडवता येतो. त्यातली तिसरी आणि चौथी सुई माणसं चुकवतात, कारण तोवर जखम भरलेली असते. गटातल्या कुणाच्या घरी असं झालं, तर बाकीच्या बायांनी त्या तारखा लक्षात ठेवून तिला आठवण करावी.

गटाने मिळून आणखी एक गोष्ट करता येईल. गावातल्या १० कुत्र्यांपैकी ७ कुत्र्यांना लस झाली, तर रोगाची साखळी तुटते, असं जाणकार सांगतात. म्हणून पुढच्या बैठकीत कर्जाचं झालं, की एक यादी करा. कुणाच्या घरी किती कुत्री आहेत, लस कधी झाली, पिल्लं किती. ती यादी घेऊन दोघी-तिघी जनावरांच्या डॉक्टरांकडे जा, ग्रामपंचायतीत द्या आणि लग्नसराईच्या आधी गावात एक दिवस लसीकरणाचा ठेवायला सांगा. पशुसखी ताई असेल, तर तिला सोबत घ्या. एकट्या बाईला कुणी उत्तर देत नाही, दहा जणी गेल्या की खुर्च्या मिळतात.

शेवटी बोळवणीचं बोलते. नवरी सासरी गेली, की घर रिकामं होतं आणि कुत्राही दोन-चार दिवस दारात वाट बघतो, कधी भाकरीला तोंड लावत नाही. त्याच्यावर ओरडू नका. तिची जुनी ओढणी त्याच्या जागेवर टाका, नेहमीच्या वेळेला खाऊ घाला, घरातल्या दुसऱ्या कुणी त्याला रोज फिरवा. दोन दिवसांतही तो काहीच खात नसेल, तर दवाखान्यात दाखवा, कधी दुखणंही असतं. आणि लेकीला मोत्यालाच सासरी न्यायचं असेल, तर तो निर्णय लग्नाच्या मांडवात रडून होत नसतो. आधी सासूबाईंशी, जावईबापूंशी मोकळं बोला, तिथे अंगण आहे का, कुणाला भीती आहे का, त्याचं कोण बघणार. आधी बोलणं झालं, तर पहिल्या मांडवपरतणीला येताना तो सोबत जाऊ शकतो.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत कुत्र्यांची यादी, साखरपुड्याच्या आठवड्यात लस आणि लग्नाच्या दिवशी त्याच्यासाठी नेमलेलं एक माणूस, एवढं ध्यानात ठेवा. आणि जखम झालीच, तर साबण, पाणी, १५ मिनिटं, दवाखाना. तुमच्या गावात काय ठरलं, ते आम्हाला कळवा. सगळ्यांच्या घरची कार्यं सुखरूप पार पडोत.