खेळाच्या बागेची पाहणी

मुलांच्या बागेची पाहणी घसरगुंडीपासून नव्हे, फाटकापासून सुरू करावी लागते. मोटारसायकली आणि मोकाट जनावरे आत शिरू नयेत म्हणून गावोगावच्या बागांना फिरते फाटक असते, नाहीतर दारातच लोखंडी खांब रोवलेले असतात. त्यांनी जनावर अडते हे खरे. पण चाकाची खुर्ची अडते, बाबागाडीही अडते. खुर्ची सरळ आत जायची तर किमान 90 सेंटीमीटर मोकळी वाट हवी. दाराशी 15 सेंटीमीटरची पायरी असेल, तर उतार तिच्या बारापट, म्हणजे 1.8 मीटर लांब लागतो. पुष्कळ ठिकाणी पायरीला टेकून हातभर सिमेंट ओतलेले दिसते. उद्घाटनाच्या फोटोपुरते ते ठीक आहे. त्यावरून खुर्ची चढवायला दोन माणसे लागतात.

फाटकानंतर जमीन. बीड जिल्ह्यात काळी मातीही आहे आणि मुरूमही, आणि दोन्हींची खोड वेगळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. झोक्याच्या खांबाचा पाया उथळ असेल तर दोन-तीन वर्षांत खांब हलू लागतो. मोठ्या माणसाने खांद्याने जोर लावला आणि बुंध्याशी माती हलली, की तो झोका बंद करावा. माती वाहून गेली म्हणजे पायाच्या काँक्रीटची कड उघडी पडते, आणि मूल नेमके तिच्यावर पडते. मुरूम तुडवून दगडासारखा होतो; झोक्याखाली मुलांच्या पायांनी खळगा पडतो आणि पावसाळ्यात त्याचे डबके होते. पेव्हर ब्लॉक दिसायला नीटनेटके, पण पडणाऱ्या डोक्याच्या दृष्टीने मुरमापेक्षा बरे नाहीत.

झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी साधारण फूटभर खोल सैल वाळू हवी. गेवराई-माजलगावकडे गोदावरीची वाळू आहे, पण तिचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे. बागेच्या वाट्याला ती सहसा चार बोटे येते. शिवाय वाळूत खुर्चीची चाके रुततात. म्हणून फाटकापासून खेळण्यापर्यंत कठीण, सपाट वाट आणि पडण्याच्या जागेपुरतीच वाळू, अशी आखणी करावी लागते. वाळू वरचेवर फणीने उकरावी, कारण कुत्र्यामांजरांनाही ती आवडते.

आता खेळणी. ताजा रंग पाहून फसू नये. गंजावरही रंग छान बसतो. झोक्याची साखळी जिथे कडीत अडकते तिथली आतली बाजू पाहावी. रोजच्या घासण्याने तिथे लोखंड चकाकते आणि एका अंगाने झिजून पातळ होते. साखळी बाकी धडधाकट दिसते, तुटते ती इथे. सी-सॉचे बेअरिंग, घसरगुंडीच्या पत्र्याची उचललेली कड, पुढे आलेले बोल्ट हाताने चाचपावेत. कठड्याच्या फटीही मोजाव्यात. साधारण 9 ते 23 सेंटीमीटरची फट लहान मुलाला धोक्याची: पाय आणि धड त्यातून सरकते, डोके अडकते, आणि मूल लोंबकळते. युरोपातील मानकांनी ही मापे ठरवली आहेत. त्यांत तपासणीचे तीन स्तर आहेत: नेहमीची नजर, एक ते तीन महिन्यांनी कसून पाहणी आणि वर्षातून एकदा संपूर्ण तपासणी.

त्याच युरोपातला एक सल्ला मात्र बीडला लागू पडत नाही. घसरगुंडीचे तोंड उत्तरेकडे ठेवले की पत्रा तापत नाही, असे तिकडे सांगतात. बीड 19 अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यावर दुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर येतो आणि पारा 40 अंशांच्या वर असतो. दिशा कोणतीही असो, पत्रा भाजणारच. त्याला उपाय कडुनिंबाची सावली, नाहीतर वर छप्पर. उन्हाळ्यात मुले खेळायला येतात ती दिवस मावळल्यावर. म्हणून बंद पडलेला दिवा हासुद्धा प्रवेशातला अडथळा समजावा. पिण्याच्या पाण्याची टाकी आणि कडी लागणारे स्वच्छतागृह यांचेही तसेच. ती नसली की मुली लवकर घरी नेल्या जातात.

पैशाचा प्रश्न निघतोच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले आणि सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येतील अशा करण्याची जबाबदारी शासन व स्थानिक संस्थांवर टाकली. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावा, असे शासनाचे आदेश आहेत. मोठ्या वसाहतीच्या रेखांकनात 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. तिच्यावर सभागृह उठण्याआधी तिथे झोका बसला तर उत्तमच.

पाहणी झाली की नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा. प्रवेशाच्या तक्रारीची दाद पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयातही मागता येते. अर्जाला टेपने घेतलेली मापे आणि फोटो जोडावेत. ‘बागेची दुरवस्था झाली आहे’ एवढ्या एका वाक्यावरून अभियंत्याला अंदाजपत्रक करता येत नाही.