झाडूवाल्याचा संप आणि आपण
(नागाव येथे गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



नागावच्या लोकांना संप म्हणजे काय हे आम्ही येऊन शिकवावं, असं बिलकूल नाही. इथून जवळच चरी गाव आहे. १९३३ ते १९३९, अशी सहा वर्षं तिथल्या कुळांनी खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या, उपाशी राहिले, पण नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहिले. त्या मातीत आम्ही आज उभे आहोत. पण आज बोलायचं आहे ते आपल्या संपाबद्दल नाही. दुसऱ्याच्या संपाबद्दल बोलायचं आहे.

शनिवार-रविवार इथल्या समुद्रावर मुंबईची गर्दी लोटते. सोमवारी तो कचरा कोण उचलतो? ग्रामपंचायतीचा कामगार. नळाला पाणी कोण सोडतो? तोच. त्याने पगाराचं तोंड उघडलं की आपल्यातलेच काही म्हणतात, "ह्याचा पगार आमच्या घरपट्टीतून जातो. ह्याला कसली युनियन?"

हा सवाल खोटा नाही. गिरणीत आम्ही मालकाच्या नफ्यातला वाटा मागतो. पंचायतीला नफा नसतो. तिच्याकडे घरपट्टी, पाणीपट्टी आणि सरकारी अनुदान. किमान वेतनाचा दर सरकार ठरवतं, त्यातला काही वाटा सरकार देतं, उरलेला गावाने भरायचा. म्हणजे कामगाराला जास्त दिलं तर गटाराला कमी पडतं, ही भीती खरी आहे.

पण मग आम्ही विचारतो, टेबलाशी कामगाराला बसूच दिलं नाही, तर गटार बांधून होतं काय?

हे आम्ही भोगलं आहे. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. एका भागात एका धंद्याला एकच प्रातिनिधिक युनियन, करार तिनेच करायचा. कापड गिरण्यांत ती जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. पण कायद्याच्या टेबलाशी सामंतांना खुर्ची नव्हती. ज्याच्यामागे कामगार, त्याच्याशी बोलणं नाही. ज्याच्याशी बोलणं, त्याच्यामागे कामगार नाही. आमच्या बापांच्या चुली विझल्या. बोलण्याची वाट बंद केली की संप टळत नाही, तो लांबतो.

नगरपालिकेच्या कामगारालाही ही वाट फुकट मिळाली नाही. हे राज्य १ मे १९६० ला झालं. त्याच वर्षी नागपूर महापालिकेच्या कामगारांचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. झाडलोट, पाणी, दिवाबत्ती अशी पालिकेची कामं हा उद्योगच आहे, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे तिथल्या कामगाराला तंट्याचा हक्क आला. पण २००३ साली तमिळनाडूच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की सरकारी नोकराला संपाचा हक्क नाही. घटनेच्या १९ व्या कलमाने संघटना बांधता येते. बांधून करायचं काय, हे मात्र धूसर!

कोणी म्हणेल, आपली माणसं निवडून आली की प्रश्न मिटला. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबई महापालिका घेतली. १९५८ साली गिरणी कामगारांचे पुढारी कॉम्रेड मिरजकर महापौर झाले. ही अभिमानाची गोष्ट! पण आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणून झाडूवाल्याचा पगार आपोआप वाढत नाही. राज्य मराठी झालं तरी हजेरीपुस्तक मुकादमाच्याच हातात असतं.

आता दुसरी बाजू. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टचा संप नऊ दिवस चालला. हाल कोणाचे झाले? पायी चालणाऱ्या कामगाराचे. पण त्या संपात एक मागणी अशी होती की बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात मिळवा. म्हणजे भांडण नुसत्या पगाराचं नव्हतं. शहराच्या बसचा तोटा कोणी सोसायचा, ह्याचं होतं. ते भांडण आपलंही होतं, हे आपल्याला उशिरा कळतं.

आणि पैसे वाचवायला कंत्राटदार आणला तर? मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघ २,७०० कंत्राटी सफाई कामगारांसाठी लढला. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने त्यांना कायम करा म्हटलं, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. जे काम रोज लागतं, ते कंत्राटाचं कसं?

म्हणून आमचं म्हणणं रोखठोक आहे.

एक : बोलणी करणारी युनियन कामगारांनी गुप्त मतदानाने निवडावी.
दोन : पंचायतीने जमाखर्च टेबलावर ठेवावा, झाकलेल्या वहीवर करार नको.
तीन : करार मराठीत लिहावा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. पैसा गावाचा, कान गावाचे.
चार : पिण्याचं पाणी आणि दवाखाना संपात बंद पडू नये, ही जबाबदारी युनियनने स्वतः घ्यावी.

चौथी गोष्ट आम्ही मालकाच्या बाजूने सांगत नाही. ज्या आईच्या घागरीत पाणी नाही, ती कामगाराच्या बाजूला कशी राहील?

बंधूंनो, ह्या राज्यासाठी शंभरावर माणसं गोळ्यांना सामोरी गेली. त्यांत कामगार होते. आपलं राज्य म्हणजे नुसती पाटी मराठीत नव्हे. किनाऱ्यावर वाकून कचरा उचलणारा माणूस ताठ उभा राहून सरपंचाशी बोलू शकला पाहिजे. सोमवारी सकाळी तो दिसला, तर त्याला विचारा : तुझी युनियन आहे का रे बाबा? नसली, तर आम्ही बांधायला येतो.

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!