चार वारुळे औषधाविना
(सहायकांच्या सभेत दिलेले भाषण)



बांधावर, अंगणात मुंग्यांची वारुळे झाली की पाड्यावरचे लोक आपल्याकडे औषध मागतात. मुले अनवाणी खेळतात, तेव्हा मागणी रास्तच आहे. पण औषधासाठी आपली देणगी खर्च करण्याआधी अमेरिकेत काय घडले ते ऐका.

दक्षिण अमेरिकेतली फायर अँट नावाची लाल मुंगी 1930 च्या दशकात अलाबामातील मोबाईल बंदरात जहाजांतून आली आणि शेता-कुरणांत पसरली. तिचा डंख आगीसारखा जळजळतो. 1957 मध्ये सरकारने तिचा नायनाट करायचे ठरवले आणि विमानांतून हेप्टाक्लोर व डिल्ड्रिन टाकले. पक्षी, मासे मेले. रेचल कार्सन यांनी 1962 च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात त्यावर कडक टीका केली. पुढे मायरेक्सचे आमिष आले, तेही 1978 मध्ये बंद करावे लागले. मुंगी मात्र आजही तिथेच आहे. विषाने तिथल्या मूळच्या मुंग्याही मेल्या आणि मोकळ्या जागेत हीच आधी परतली.

म्हणून आता तिथे औषध आधी पारखून घेतात. ती रीत आपल्यालाही जमेल. सारख्या आकाराची आठ वारुळे निवडा. प्रत्येकाजवळ खूण म्हणून काठी रोवा. चारांना औषध द्या, चार तशीच ठेवा. तारीख वहीत लिहा. आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने लांब काडीने हलकेच डिवचा व मुंग्या बाहेर येतात का ते पाहा. आजूबाजूला नवे वारूळ उठले का, तेही पाहा.

चार तशीच का ठेवायची? कोरड्या दिवसांत मुंग्या खोल जातात. मग औषध न घातलेले वारूळही ओस दिसते. ती चार नसतील, तर उन्हाचे श्रेय आपण औषधाला देऊ.

दुसऱ्या दिवशी दिसणाऱ्या मेलेल्या मुंग्यांवरही भुलू नका. राणी खोल असते. ती वाचली, तर उरलेल्या मुंग्या थोड्या अंतरावर नवे घर करतात. आमिषाचे औषध मुद्दाम सावकाश काम करते, कारण कामकरी मुंग्यांनी ते राणीपर्यंत न्यायचे असते. त्याला काही आठवडे द्यावे लागतात. ते पावसात घालू नये, भिजले की वाया जाते.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडची उंच वारुळे बहुधा वाळवीची असतात. वाळवी ही मुंगी नव्हे, मुंगीचे आमिष तिथे उपयोगाचे नाही. आधी कीड ओळखावी.

औषध विहिरी-ओढ्यापासून दूर ठेवा, हातमोजे वापरा, आणि रिकाम्या डब्यात पाणी कधीही भरू देऊ नका.

तेव्हा यापुढे औषधासाठी पैसे मागायला कोणी आले, आम्हीसुद्धा, तर आपण आधी वही मागा.